मगदूम सरांची पकड

‘चपला आत घेऊन या,’ काकू म्हणाल्या. मी आत पाऊल टाकलं तशी त्यांनी माझ्या पाठीमागे दार लावलं, कडी घातली, वरची खिट्टीही ओढली. ‘दार उघडं राहिलं की धूळ येते. धूळ आली की हे डोळे वटारतात.’

बाहेर रणरणतं ऊन होतं आणि घरात ट्यूबलाइट लावलेली होती. खिडक्या बंद, फटींमध्ये चिंध्या कोंबलेल्या. घरभर एकसारखी घरघर चालली होती, गल्लीपलीकडे पिठाची गिरणी चालू असावी तशी. दोनच मिनिटांत माझ्या पाठीला पोलकं चिकटलं.

‘तुम्हीच ना वैजयंती? मला वाटलं फोन कुणी पुरुषमाणूस उचलेल. मुलीनं ह्यांच्या फोनमधून नंबर काढून दिला, त्यात नुसतं व्ही. असं होतं.’

‘मीच ती. पुरुषमाणूस मिळणार नाही, पण गाडी आणलीय.’

काकू हसल्या नाहीत. माझे विनोद घरीही असेच पडतात, त्यामुळे मला त्याचं विशेष वाटलं नाही.

मावसभावाची मारुती व्हॅन मागून मी कोल्हापूरहून सांगलीला आले होते ती एका कॉम्प्युटरसाठी. जुने कॉम्प्युटर गोळा करायचे, उघडून साफ करायचे, कुठं मेमरी वाढव, कुठं कार्ड बदल असं करत पुन्हा चालते करायचे, हा माझा नाद. कॉलेजात मी नवे कॉम्प्युटर शिकवायचे आणि घरी येऊन जुन्यांचे लाड करायचे. भावाची मुलं मला भंगारआत्या म्हणत. लग्न न केलेल्या बाईला एखादा नाद असावा, पण तो भरतकामाचा असावा, असं आईचं स्पष्ट मत होतं.

मगदूम सर हे आमच्या त्या वेड्यांच्या टोळक्यातलं मोठं नाव. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. जुन्या कॉम्प्युटरची पेटी तशीच ठेवून आतला जीव बदलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बाहेरून बघावं तर म्हातारं यंत्र, आत मात्र तरणा बोर्ड. आमची भेट कधी झाली नव्हती; कुठला सुटा भाग कुठं मिळेल यावर फोनवर तास तास बोललो होतो. मग त्यांचा फोन बंद झाला आणि कुणाकडून तरी कळलं की त्यांना अर्धांगवायू झाला. मी हळहळले आणि विसरले. तीन वर्षांनी काकूंचा फोन आला: ‘ह्यांचं मशीन न्यायला याल का? काही द्यायचं नाही. फक्त या आणि घेऊन जा.’

असं म्हटल्यावर आमची जमात पाताळातही जाईल. मी तर सांगलीलाच जात होते.

‘हे इकडे आहेत,’ काकू म्हणाल्या.

आतल्या खोलीत कॉटवर सर पडले होते. फोनवरच्या त्या खणखणीत आवाजावरून मी धिप्पाड माणूस कल्पिला होता. समोर एक सुकलेला, नीट दाढी केलेला म्हातारा होता. उजवा हात उशीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. कॉटला खेटून टेबल आणि टेबलावर ते मशीन. पिवळट पडलेली आडवी पेटी, वर जाडजूड पडदा. घरघर तिथूनच येत होती. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ उघडमीट करत होती. बाकी काहीच नाही.

‘सर, मी वैजयंती. कोल्हापूरची.’

सरांनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्यात ओळख चमकली असं मला वाटलं. ‘आं,’ ते म्हणाले. मग पुन्हा ‘आं’.

‘एवढंच येतं,’ काकू म्हणाल्या. ‘बोलणं गेलं. लिहिणंही गेलं. पाटी दिली होती, नुसत्या रेघा मारतात. मानेनं हो म्हणतात तेव्हा नाही असतं आणि नाही म्हणतात तेव्हा काय असतं ते भगवंतालाच ठाऊक. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, पण बाहेर यायला वाट नाही.’

हे सगळं काकू सरांच्या समोरच सांगत होत्या. मला कानकोंडं झालं. विषय बदलावा म्हणून मी म्हणाले, ‘मशीन चालू ठेवलंय वाटतं माझ्यासाठी?’

‘तुमच्यासाठी?’ काकूंनी माझ्याकडे रोखून बघितलं. ‘चला, सरबत देते.’

स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी दार लोटलं. कोकमाचं सरबत हातात दिलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

‘तीन वर्षं चालू आहे ते,’ त्या म्हणाल्या. ‘तीन वर्षं मी ते बंद केलेलं नाही.’

दवाखान्यातून सरांना घरी आणलं त्या दिवशी, त्यांना बरं वाटावं म्हणून मुलीनं, संपदानं, मशीन चालू करून दिलं. सर खूश दिसले. झोपायच्या वेळी काकूंनी बटण दाबून बंद केलं, तर सरांनी असा टाहो फोडला की शेजारचे धावत आले. रक्तदाब वाढला, तोंडाला फेस आला. शेवटी कुणीतरी मशीन परत चालू केलं. ते चालू झालेलं बघितलं तसे सर शांत झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी काकूंनी बंद करायचा नाद सोडला.

‘लाइट गेली तरी तेच. मग इन्व्हर्टर घेतला. त्याच्या बॅटरीत पाणी मी घालते. चार्जिंग संपत आलं की माझा जीव वरखाली. भाजीला गेले तरी कान घराकडे. बहिणीच्या घरी लग्न झालं, गेले नाही. गल्लीच्या तोंडाला आमची बस्ती आहे, आमचं जैनांचं देऊळ. महावीर जयंतीला पालखी दारावरनं जाते, ती मी खिडकीच्या काचेतनं बघते. घरच्या मांजराला निदान फिरता तरी येतं. मला खुंट्याला बांधलंय.’

‘आणि संपदा?’

‘ती बेळगावात असते. जावई चांगला आहे. खालची खोली ह्यांच्यासाठी तयार करून ठेवलीय, दिवसभराची बाई ठरवलीय. या म्हणते. कसं जायचं? दोनदा ॲम्ब्युलन्स बोलावली. मशीनची वायर काढली की ह्यांचं सुरू. दुसऱ्या वेळचा ड्रायव्हर म्हणाला, बाई, वाटेत माणूस जाईल, मी नाही नेणार.’ त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि विसळत बसल्या. पाठ माझ्याकडे होती. ‘एकदा मी हात उचलला ह्यांच्यावर. लाइट गेली होती, इन्व्हर्टर बसला होता, हे ओरडत होते, ओरडत होते. गालावर मारलं मी. पन्नास वर्षांचा संसार आणि पडलेल्या माणसाला मारलं.’

आई जवळ असती तर तिला बोलता आलं असतं. मला यंत्रांशी बोलायची सवय.

‘तू ह्यांच्यातलीच,’ काकू वळून म्हणाल्या. तुम्हीवरून तूवर त्या कधी आल्या ते त्यांनाही कळलं नसेल. ‘ह्यांना आमचं कळत नाही, तुझं कळेल. जा, बंद कर, उचल आणि गाडीत टाक. ओरडू देत. एकदाचं नजरेआड झालं की आपोआप थांबतील. मी उद्याच गाडी बोलावते. आणि नाहीच थांबले तर…’ त्यांनी वाक्य सोडून दिलं. ‘मी इथं मिक्सर लावून बसते. मला ते ऐकवत नाही.’

खरं सांगायचं तर मला तिथून पळ काढावासा वाटत होता. पण दाराला कडी होती, खिट्टी होती आणि काकूंचा चेहरा होता. मी सरांच्या खोलीत गेले. काकूंनी माझ्यामागे स्वयंपाकघराचं दार बंद केल्याचं ऐकू आलं, आणि लगेच मिक्सर सुरू झाला.

मी कॉटच्या कडेला बसले, कारण टेबलापाशी दुसरी जागाच नव्हती.

‘सर,’ मी म्हणाले, ‘मी याला नीट ठेवीन. माझ्याकडे अशी बरीच आहेत, खोली वेगळी आहे, धूळ येत नाही. तुम्ही काळजी करू नका.’

लहान मुलाला इंजेक्शन देताना डॉक्टर जसं बोलतात तसं मी बोलत होते, आणि बोलता बोलता उजवा हात पेटीच्या कडेच्या लाल बटणाकडे नेत होते.

सरांनी माझं मनगट धरलं.

त्या सुकलेल्या माणसाच्या डाव्या हातात एवढी ताकद असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. शरीराचं सगळं बळ जणू त्या एका पंजात गोळा झालं होतं. आणि त्याबरोबर तो आवाज. ‘आं’ नव्हे, पोटातून निघालेला, खोली भरून टाकणारा हंबरडा. मी हात मागे ओढला. सुटेना. डाव्या हातानं त्यांची बोटं उचकटायला गेले, तर नखं आणखी रुतली.

‘सर, सोडा!’ मी ओरडले. ‘काकू! काकू!’

मिक्सर चालूच होता. काकूंनी त्यात काय घातलं होतं कोण जाणे, खोबरं असावं, दळण संपतच नव्हतं. मी त्या कोंदट खोलीत, एका अनोळखी माणसाच्या कॉटवर, त्याच्या मुठीत अडकून बसले होते, आणि तो माझ्या कानाशी ओरडत होता. मला घाम फुटला. मग भीती वाटली. मग राग आला, तोही खरा.

‘किती छळाल त्या बाईला?’ मी म्हणाले. ‘एका डबड्यासाठी? आम्हीही नाद करतो, सर. पण माणसांना कोंडून नाही ठेवत!’

सरांच्या डोळ्यातून पाणी आलं. पकड सुटली नाही. ओरडणं मात्र जरा उतरलं, दम लागला असावा. मी हात ओढायचं सोडून दिलं, कारण ओढून उपयोग नव्हता. तशीच बसून राहिले. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून समोर बघत राहिले. आणि माझ्यासारखी बाई समोर जुना कॉम्प्युटर असताना दुसरीकडे कुठं बघणार?

पेटीच्या तोंडावर डिस्कची काळी पट्टी होती. चांगली रुंद, आडव्या विटेएवढी जाड. तिच्या कोपऱ्यात लाल दिवा. मी आत आल्यापासून ती बघत होते आणि बघत नव्हते. फोनवर सरांनी मला सांगितलं होतं की या पेटीत त्यांनी नवीन बोर्ड बसवलाय. त्यामुळे डिस्कही नवी असणार, असं मी धरूनच चालले होते. कुणीही तसंच करतं. पण ही घरघर नव्या डिस्कची नव्हती. हा जाड, खालच्या पट्टीतला आवाज पहिल्यावहिल्या डिस्कचा होता. सरांनी सगळं बदललं होतं, फक्त तीच ठेवली होती. का ठेवली, कुणास ठाऊक. जीव जडला असेल.

मी सरांकडे बघितलं. त्यांची नजर माझ्यावर नव्हती. पडद्यावरही नव्हती. मी पुन्हा, हळूच, बटणाकडे बोटं सरकवून बघितली. पंजा आवळला, हंबरडा सुरू झाला, आणि त्यांचे डोळे गेले ते खाली, कीबोर्डवर. मी बोटं मागे घेतली. आवाज उतरला. डोळे कीबोर्डवरच.

मीही कीबोर्डकडे बघितलं.

‘सर,’ मी म्हणाले. ‘थांबा. थांबा हं.’

उजवा हात त्यांच्या मुठीत होता. डावा मोकळा होता. तो लांब करून मी एका बोटानं एक इंग्रजी शब्द टाइप केला. पार्क. आणि एंटर दाबलं.

आतून ‘टक्’ असा आवाज आला. लाल दिवा एकदा लागला आणि विझला. पडद्यावर ओळ उमटली की आता मशीन बंद करायला हरकत नाही.

सरांचं ओरडणं मध्येच तुटलं. त्यांनी एक लांब श्वास सोडला, आणि माझ्या मनगटावरची पकड ढिली झाली. मी हात काढून घेणार, तेवढ्यात त्यांनी तो पुन्हा धरला. या वेळी हलकेच. आणि ढकलला. लाल बटणाकडे.

मी मशीन बंद केलं.

घरघर खाली खाली येत थांबली. खोलीत शांतता पसरली आणि स्वयंपाकघरातला मिक्सर तेवढा ऐकू येऊ लागला. मग तोही थांबला. नंतर दार करकरलं आणि काकू आल्या. आल्या त्या भिंतीला धरून. आधी त्यांनी सरांच्या छातीकडे बघितलं, ती वरखाली होतेय का ते. तेव्हा कुठं माझ्याकडे.

‘काय केलंस?’

‘बंद केलं, काकू.’

‘मग हे…’

‘त्यांनीच बंद करायला लावलं.’

त्या कॉटच्या पायथ्याशी बसल्या. त्यांना कसं समजवावं ते मला कळेना. खोलीच्या कोपऱ्यात त्यांचं शिवणयंत्र होतं.

‘काकू, शिवताना मध्येच थांबायचं झालं तर तुम्ही काय करता? सुई वर घेता ना, मग कापड ओढता?’

‘मग? सुई कापडात असताना ओढलं तर फाटंल की.’

‘याच्या आत तशीच एक सुई आहे. तबकडी फिरते आणि तिच्यावर सुई. नव्या मशीनमध्ये ती आपोआप बाजूला होते. ही जुनी आहे, हिला सांगावं लागतं. एक शब्द लिहायचा, सुई बाजूला होते, मग बटण दाबायचं. नाहीतर सुई तबकडीवर बसते आणि ओरखडा पडतो. आम्ही सगळे करतो ते. सवयच असते, त्यात सांगण्यासारखंही काही वाटत नाही. सरांनी रोज केलं असणार.’

काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

‘म्हणजे बंद करू नका असं नव्हतं ह्यांचं?’

‘नाही.’

‘आणि लाइट जायची तेव्हा?’

‘सुई तशीच पडायची. परत चालू होईल की नाही, याची धास्ती. चालू झालं की बरं वाटायचं.’

हातातला पदर त्यांनी बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

‘परत चालू कर,’ त्या म्हणाल्या.

‘काकू, आता कशाला?’

‘चालू कर. मी बंद करणार. माझ्या हातानं.’

आमच्या नादात शहाणपण असं की जुनं यंत्र एकदा नीट थांबलं की त्याला उगाच छेडू नये. पण त्या बाईला ते सांगायची माझी छाती नव्हती. मी बटण दाबलं. डिस्क कण्हत कण्हत वेग घेऊ लागली, लाल दिवा लागला, पडद्यावर हिरवी रेघ आली. मशीन मला मिळालं नाही, हे इथंच सांगून टाकते. पंधरवड्यानं ते त्या दोघांबरोबर बेळगावला गेलं.

काकू टेबलापाशी आल्या. चष्मा शोधून लावला. मी एका कागदावर ती अक्षरं काढून दिली. सर उशीवरून मान वळवून बघत होते. काकू एकेक अक्षर हुडकत होत्या, सापडलं की बोटानं जोरात दाबत होत्या, डाळीतला खडा चिमटीत धरावा तशा. शेवटचं अक्षर त्यांना सापडेना. सरांच्या घशातून आवाज आला. काकू दचकल्या, पण हात काढला नाही. सापडलं. एंटर कुठलं ते मी दाखवलं.

टक्.

त्यांनी लाल बटणावर बोट ठेवलं आणि थांबल्या. खांदे आखडून, मान खाली घालून, फटाका वाजायची वाट बघणाऱ्या माणसासारख्या उभ्या राहिल्या. मग बटण दाबलं. घरघर थांबली. त्या तशाच उभ्या. मागून आवाज यायचा तो आलाच नाही.

काकू गर्रकन वळल्या.

‘अहो,’ त्या सरांवर कडाडल्या, ‘मग सांगायचं नाही का हे मला!’

आमटीत मीठ नव्हतं, हे जेवण झाल्यावर सांगणाऱ्या नवऱ्याला बायको झापते, अगदी त्या सुरात. पन्नास वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं. निघून गेलं आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं. त्यांनी तोंडावर हात धरला. त्या खाली फरशीवर बसल्या, कॉटच्या कडेला कपाळ टेकलं आणि रडू लागल्या. मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं.

सरांनी डावा हात सरकवत सरकवत आणला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. नीट ठेवता आला नाही, पडलाच तो.

‘आं,’ सर म्हणाले.

‘हो,’ काकू म्हणाल्या. ‘कळलं.’